शंकेचा हिशेब आणि अदमासाचे शास्त्र

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभातील व्याख्यान)



अशा समारंभात पाहुण्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे असा रिवाज आहे. परंतु पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवणाऱ्या पालकांना शिक्षणाचे महत्त्व मी काय सांगणार? म्हणून आज मी गणिताच्या एका शाखेविषयी बोलायचे ठरविले आहे. विषय ऐकायला कोरडा वाटेल, पण तो आपल्या प्रत्येकाच्या कागदपत्रांच्या पिशवीत दडलेला आहे. प्रश्न असा, की संगणकात साठवलेली माहितीच जर शंकास्पद असेल, तर त्या संगणकाने दिलेले उत्तर किती खरे मानायचे? आणि नेमके उत्तर काढायला आयुष्य पुरणार नसेल, तर अदमासाने काढलेल्या उत्तरावर विश्वास कसा ठेवायचा?

संगणकात माहिती साठवण्याची आजची रूढ पद्धत तक्त्यांची आहे. आय.बी.एम. कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० साली ती मांडली. ओळी आणि रकाने, आपल्या शाळेच्या जनरल रजिस्टरसारखे. या तक्त्यांमागे एक गृहीत आहे. जी ओळ तक्त्यात आहे ती खरी, जी नाही ती खोटी. मधले काही नाही. बँकेच्या खात्याला हे ठीक आहे. शिल्लक पाचशे रुपये 'बहुधा' आहे, असे कोणी ऐकून घेणार नाही. पण माणसाच्या नावाचे काय?

आपल्याच घरातले पाहा. शेख हे आडनाव इंग्रजीत चार-पाच प्रकारे लिहिले जाते. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे 'मो.', कुठे महंमद. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव एक, शिधापत्रिकेवर दुसरे. विवाहानंतर मुलीच्या कागदांची जी गत होते ती तर विचारूच नका. आता एखादी कचेरी दोन याद्या संगणकात घालते, एक परीक्षेच्या निकालाची आणि दुसरी उत्पन्नाच्या दाखल्यांची, आणि विचारते, की या यादीतली रुखसाना शेख आणि त्या यादीतली रुक्साना शैख एकच का? खरे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असेलही, पण यंत्राजवळ जो पुरावा आहे त्यावरून ते 'बहुधा' एवढेच आहे.

नावे जुळवण्याचा उद्योग जुना आहे. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली साउंडेक्स नावाच्या युक्तीचे पेटंट घेतले. नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवायचे, स्वर गाळायचे, आणि उरलेल्या व्यंजनांना उच्चाराच्या गटाप्रमाणे आकडे द्यायचे. या युक्तीने शेखचे सगळे प्रकार एका संकेतात येतात, हे उत्तम. पण काझी आडनाव एकाने 'के'ने लिहिले आणि दुसऱ्याने 'क्यू'ने, तर पहिलेच अक्षर वेगळे म्हणून दोन संकेत पडतात. गंमत अशी, की नावाच्या मधोमध आले तर 'के' आणि 'क्यू' यांना ही पद्धत एकाच गटात घालते! कुरेशींचीही तीच कथा. उलट सय्यद हे आडनाव आणि सईद हे नाव यांचा संकेत एकच होतो. इंग्रजी नावांसाठी शिवलेला अंगरखा आपल्या अंगाला बसला नाही, तर त्यात दोष ना शिंप्याचा ना आपला. पण बसत नाही हे कळले पाहिजे.

पुढे १९४६ साली हॅल्बर्ट डन यांनी निरनिराळ्या दप्तरांतल्या एकाच माणसाच्या नोंदी जोडण्याच्या कामाला नाव दिले, आणि १९६९ साली कॅनडाच्या सरकारी सांख्यिकी खात्यातील इव्हान फेलेगी व अ‍ॅलन सन्टर यांनी त्याचे गणित बसवले. त्या गणितात मला सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट. त्यांनी निकालाचे दोन नव्हे, तीन कप्पे केले. जुळते, जुळत नाही, आणि 'जुळत असावे'. तिसऱ्या कप्प्यातल्या नोंदी माणसाने डोळ्यांनी पाहायच्या. म्हणजे शंका ही त्यांनी झाडून टाकायची धूळ मानली नाही, तीही जपून ठेवली. घाईच्या कारभारात हा तिसरा कप्पाच आधी बंद होतो. मग ०.९ संभाव्यतेची नोंद 'हो' होते, ०.४५ ची 'नाही' होते, आणि त्या 'नाही'मागे किती शंका होती हे पुन्हा कोणाला कळत नाही. ज्या मुलीचा अर्ज त्यात गेला तिला तर नाहीच नाही.

याच्यावरचा उपाय म्हणजे संभाव्यता बाळगणारा माहितीसाठा. कल्पना साधी आहे. तक्त्यातल्या प्रत्येक ओळीपुढे एक आकडा लिहायचा, की ही ओळ खरी असण्याची संभाव्यता इतकी. प्रश्न विचारला, की उत्तरापुढेही संभाव्यता यावी. १९८० च्या दशकापासून यावर लिखाण आहे, पण कामाला खरा जोर चढला तो २००४ नंतर. त्या वर्षी अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात नीलेश दळवी आणि डॅन सुच्यू यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. पहिले नाव वाचून मराठी माणसाचे कान टवकारतील, ते साहजिकच आहे. पण निबंध नावासाठी वाचायचा नाही, त्यात काय आहे त्यासाठी वाचायचा. ते काय आहे हे मी आपल्या रुखसानाच्या उदाहरणाने सांगतो. विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल घ्यावी.

समजा, निकालपत्रातली नोंद तिचीच असण्याची संभाव्यता ०.६ आहे. उत्पन्नाचे दोन दाखले सापडले. प्रत्येक तिच्याच घरचा असण्याची संभाव्यता ०.५, आणि या तिन्ही गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत असे धरू. प्रश्न असा, की निकालही तिचा आणि निदान एक दाखलाही तिचा, असे असण्याची संभाव्यता किती?

एक विद्यार्थी असे करील. निकाल आणि पहिला दाखला मिळून ०.६ गुणिले ०.५, म्हणजे ०.३. निकाल आणि दुसरा दाखला मिळूनही ०.३. दोन्ही जोड्या फसण्याची संभाव्यता ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ०.४९. तेव्हा निदान एक जमण्याची संभाव्यता ०.५१. दुसरी विद्यार्थिनी आधी दाखल्यांकडे पाहील. दोन्ही दाखले चुकीचे असण्याची संभाव्यता ०.२५, म्हणून निदान एक बरोबर असण्याची ०.७५. त्याला निकालाच्या ०.६ ने गुणले, की ०.४५. खरे उत्तर ०.४५ आहे. पहिल्याने निकालाची एकच नोंद दोन वेळा वापरली आणि त्या जणू दोन वेगळ्या नोंदी आहेत असे मानले. फरक थोडा दिसतो. पण 'निम्म्याहून अधिक असेल तरच अर्ज पुढे पाठवा' असा नियम असेल, तर एका हिशेबाने अर्ज पुढे जातो आणि दुसऱ्याने पडून राहतो. आकडे तेच, यंत्र तेच, क्रम तेवढा बदलला.

साध्या तक्त्यांत कोणत्याही क्रमाने जोडा-निवडा केली तरी उत्तर एकच येते. संभाव्यता आल्या, की क्रमाला किंमत येते. दळवी आणि सुच्यू यांनी दाखवले, की काही प्रश्नांना असा एक सुरक्षित क्रम असतो, ज्याने झटपट आणि अचूक उत्तर मिळते. आणि काहींना तो नसतोच. २०१२ पर्यंत त्यांनी प्रश्नांच्या एका मोठ्या वर्गासाठी ही सीमारेषा पूर्ण आखून दिली.

नसतो म्हणजे काय? शंकास्पद विद्यार्थी अनेक, शंकास्पद पालक अनेक, आणि कोणाचा पालक कोण याच्या नोंदीही शंकास्पद, सगळे एकमेकांत गुंतलेले. आता विचारा, की ज्याचा निकालही खरा आणि ज्याच्या पालकाचा दाखलाही खरा असा निदान एक विद्यार्थी असण्याची संभाव्यता किती? इथे कोणत्याही बाजूने सुरुवात केली तरी काहीतरी दोनदा मोजले जाते. अचूक उत्तराचा सरधोपट मार्ग म्हणजे शक्य असलेल्या सगळ्या परिस्थिती तपासणे. प्रत्येक शंकास्पद ओळ खरी किंवा खोटी. दहा ओळी असतील तर १,०२४ परिस्थिती. वीस असतील तर दहा लाखांवर. तीस असतील तर १०७ कोटी. शंभर ओळी झाल्या, की तो आकडा एकतीस अंकी होतो. शंभर ओळी म्हणजे दोन वर्गांचा पटसुद्धा नव्हे. लेस्ली व्हॅलियंट यांनी १९७९ साली दाखवून दिले होते, की काही बाबतींत 'असे आहे का' हे सांगणे सोपे असते, पण 'असे किती' हे मोजणे भयंकर अवघड. आपला प्रश्न त्याच जातीचा आहे, आणि अशा प्रश्नांना झटपट व अचूक अशी रीत आजवर कोणाला सापडलेली नाही.

मग काय करायचे? आपल्या घरातल्या बायका रोज जे करतात तेच. शितावरून भाताची परीक्षा.

प्रत्येक ओळीसाठी तिच्या संभाव्यतेप्रमाणे नाणे उडवायचे, म्हणजे एक परिस्थिती तयार होते. तीत आपले विधान खरे ठरते का पाहायचे. असे दहा हजार वेळा करायचे. त्यांतल्या चार हजार सातशे वेळा खरे ठरले तर उत्तर ०.४७ च्या आसपास. या रीतीला मॉन्टे कार्लो म्हणतात. १९४६ साली स्टॅनिस्लॉ उलाम आजारातून उठत असताना पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडत बसले होते, तेव्हा डाव सुटण्याची संभाव्यता मोजण्याच्या खटपटीत ही कल्पना त्यांना सुचली. नाव जुगाराच्या गावावरून पडले आहे. नावावर जाऊ नका, काम हिशेबाचे आहे.

या रीतीचा मोठा गुण असा, की परिस्थिती एक हजार असोत की एकतीस अंकी, दहा हजार नमुन्यांनी येणारी चूक सारखीच राहते. शंभरांपैकी सुमारे पंचाण्णव वेळा ती ०.०१ च्या आत असते. शीत पाहायचे तर पातेले लहान की मोठे याने काय बिघडते, फक्त नीट ढवळलेले पाहिजे. दोष असा, की चूक निम्मी करायची तर नमुने चौपट घ्यावे लागतात. आणि दुसरा, अधिक वाईट दोष म्हणजे विरळ घटना. संभाव्यता लाखात एक असेल, तर दहा हजार नमुन्यांत दहापैकी नऊ वेळा ती घटना एकदाही दिसणार नाही, आणि यंत्र म्हणेल 'शून्य'. शून्य आणि लाखात एक यांत फरक आहे. औषधाच्या दुष्परिणामाचा प्रश्न असेल तर फारच मोठा.

यावरची तोड रिचर्ड कार्प आणि मायकेल ल्यूबी यांनी १९८३ साली काढली. ती मला इतकी आवडते, की थोडा वेळ मी तिथेच थांबणार आहे. वलीम्याच्या पाहुण्यांचे उदाहरण घेऊ. घरात तीन याद्या आहेत. वडिलांच्या ओळखीची ४०० नावांची, मामांची ३०० आणि मोहल्ल्याची ३००. बेरीज हजार. भटारी विचारतो, किती माणसे? हजार म्हणावे तर देगा उरतील, कारण बरीच नावे दोन-दोन याद्यांत आहेत. सगळी नावे ताडून पाहायला वेळ नाही. मग असे करा. तिन्ही याद्यांतल्या हजार ओळींतून न बघता शंभर ओळी काढा. प्रत्येक नाव एकूण किती याद्यांत आहे ते पाहा. एकाच यादीत असेल तर त्याला पूर्ण १ गुण, दोन याद्यांत असेल तर अर्धा, तिन्हींत असेल तर एकतृतीयांश. समजा ६० नावे एकाच यादीत निघाली, ३० दोन याद्यांत आणि १० तिन्हींत. गुण झाले ६० अधिक १५ अधिक ३.३३, म्हणजे ७८.३३. हजाराचे ७८.३३ टक्के म्हणजे ७८३ माणसे, पन्नासएक इकडेतिकडे. भटाऱ्याला एवढे पुरे आहे.

यातली खुबी पाहा. आपण साऱ्या गावातून माणसे उचलून 'तुम्हाला आमंत्रण आहे का' असे विचारत बसलो नाही. तसे केले असते तर बहुतेकांनी 'नाही' म्हटले असते आणि मेहनत वाया गेली असती. आपण आधी यादी धरली, म्हणजे प्रत्येक नमुना आमंत्रितच निघाला. फक्त कोण किती वेळा आला याची दुरुस्ती केली. माहितीसाठ्यात यादीच्या जागी 'कारण' येते. उत्तर खरे ठरण्याची जी जी कारणे आहेत, म्हणजे ही नोंद आणि तो दाखला अशा जोड्या, त्यांतले एक कारण त्याच्या संभाव्यतेच्या प्रमाणात निवडायचे, ते खरे धरायचे, बाकीच्या ओळींसाठी नाणी उडवायची, आणि त्या परिस्थितीत एकूण किती कारणे खरी झाली त्या संख्येने भागायचे. घटना कितीही विरळ असो, अदमास शेकडा इतक्या प्रमाणात बरोबर येईल अशी हमी देता येते, आणि मेहनत कारणांच्या संख्येच्या प्रमाणातच वाढते, परिस्थितींच्या संख्येच्या नव्हे.

नाणी न उडवताही अदमास करता येतो. मघाच्या विद्यार्थ्याचे चुकलेले ०.५१ आठवते ना? ते टाकाऊ नाही. अशा तऱ्हेने एका नोंदीला दोन वेगळ्या नोंदी मानले, की येणारा आकडा खऱ्याहून कधी कमी येत नाही. म्हणजे तो छप्पर झाला. खालची जमीनही सहज मिळते, एकच जोडी पाहिली तरी ०.३. तेव्हा उत्तर ०.३ आणि ०.५१ यांच्या मध्ये कुठेतरी आहे, हे न मोजता कळले. वोल्फगँग गॅटरबाउअर आणि सुच्यू यांनी २०१५ साली याच छपराचा पद्धतशीर उपयोग केला. निरनिराळ्या क्रमांनी छपरे काढायची आणि त्यांतले सर्वांत खालचे घ्यायचे, तेही साध्या माहितीसाठ्याच्या नेहमीच्या यंत्रणेत. त्याआधी २०१० साली डॅन ओल्तेआनू, जिवेन हुआंग आणि ख्रिस्टोफ कॉख यांनी गुंता पायरीपायरीने सोडवत जमीन आणि छप्पर जवळ आणत न्यायची रीत दिली. हवे तितके जवळ आले, की थांबायचे. प्रश्न 'निम्म्याहून अधिक का' एवढाच असेल आणि जमीनच ०.६२ वर आली, तर पुढे कशाला दमायचे? कॉख यांच्या गटाने बनवलेल्या माहितीसाठ्याचे नाव मेबीएमएस. नावातच 'कदाचित' आहे!

शिक्षकांना पटेल अशी आणखी एक गोष्ट. गुणवत्ता यादीत पहिले दहा निवडायचे असतील तर सर्व पेपर पुन्हा तपासायचे नसतात. नवव्यापासून बाराव्यापर्यंत जिथे चुरस आहे तेवढेच तपासायचे. क्रिस्तोफर रे, दळवी आणि सुच्यू यांनी २००७ साली हेच केले. ज्या उत्तरांच्या मर्यादा एकमेकींत शिरतात त्यांच्यावरच नमुने खर्च करायचे, बाकीच्यांना हात लावायचा नाही. सगळ्यांची संभाव्यता शेवटच्या अंकापर्यंत काढण्याच्या नादात वेळ घालवणारे यंत्र आणि तसाच वेळ घालवणारा विद्यार्थी मला सारखेच वाटतात.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. हा सारा डोलारा दोन खांबांवर उभा आहे. पहिला, ओळींपुढचे आकडे कोठून आले? ०.६ कोणी ठरवले? साउंडेक्ससारख्या न बसणाऱ्या अंगरख्यावरून ठरवले असेल, तर पुढचे गणित कितीही सुरेख असले तरी आपण चुकीच्या आकड्याचा अचूक अदमास काढत बसू. दुसरा खांब स्वातंत्र्याचा. दोन दाखले एकमेकांवर अवलंबून नाहीत असे आपण धरले. पण दुसरा दाखला पहिल्यावरून उतरवून घेतलेला असेल, तर एकाची चूक तीच दुसऱ्याची, आणि दोन कागद असूनही पुरावा एकाचाच. तेव्हा ०.७५ नव्हे, ०.५ च. आपल्याकडची निम्मी कागदपत्रे अशी एकावरून एक उतरलेली असतात, हे कोणत्याही संगणकापेक्षा येथे बसलेल्या पालकांना अधिक ठाऊक आहे. यंत्राला हे सांगण्याची सोय या शास्त्रात आहे. सांगणारा माणूस पाहिजे. नावांची ही गुंतागुंत ज्याने घरात पाहिली आहे असा माणूस आकडे ठरवणाऱ्यांच्या टेबलाशी बसला, तर पुष्कळ फरक पडेल.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. 'कंप्युटरने नाही म्हटले' असे कोणी खिडकीतून सांगितले, तर भांडू नका, पण विचारा, की नाव जुळले नाही की कमी जुळले? कमी जुळले असेल तर कोणता कागद आणल्यावर ते अधिक जुळेल? हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि गणिताच्या दृष्टीने तो अगदी बिनचूक प्रश्न आहे. आणि मुलीला अकरावीत गणित घ्यायचे असेल तर 'काय करायचे मुलीला गणित' असे म्हणू नका. वर सांगितलेल्या सगळ्या कामाची सुरुवात दहावीच्या पुस्तकातल्या संभाव्यतेच्या धड्यापासून होते, त्याला प्रयोगशाळा लागत नाही आणि वशिलाही लागत नाही.

विद्यार्थ्यांसाठी एक काम सोपवून मी आपली रजा घेतो. शाळेत ग्रंथालयाची यादी आहे, क्रीडासंघांची आहे आणि शिष्यवृत्ती परीक्षेला बसणाऱ्यांची आहे. या तिन्ही याद्यांतली नावे चिठ्ठ्यांवर लिहा, एका ओळीला एक चिठ्ठी, आणि डब्यात घालून चांगली हलवा. एक चिठ्ठी काढा, ते नाव किती याद्यांत आहे ते पाहून गुण द्या, चिठ्ठी परत डब्यात टाका. असे पन्नास वेळा करा. सरासरीला एकूण चिठ्ठ्यांनी गुणा आणि उत्तर फळ्यावर लिहून ठेवा. मग एकाने बसून तिन्ही याद्या ताडून खरी संख्या मोजावी. मोजताना एकच मुलगा दोन याद्यांत दोन वेगळ्या स्पेलिंगने सापडला, तर त्याला एक धरायचे की दोन, याचा निर्णय वर्गात चर्चा करून घ्या, आणि त्या नोंदीपुढे किती संभाव्यता लिहाल तेही ठरवा.